फायबर घेताय? आधी चिऱ्याच्या भिंती बघा

इंटरनेटची तांब्याची जुनी लाइन काढून फायबर (काचेच्या तंतूतून प्रकाशाने चालणारी लाइन) घेतलं की फरक कळतो पावसाळ्यात. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. काचेच्या तंतूला तो त्रास नाही. त्याचे वैरी वेगळे: पडलेली झावळी आणि खिडकीच्या चौकटीत काटकोनात दाबलेली वायर. साधारण ३ सेंमी त्रिज्येपेक्षा घट्ट वळण दिलं तर प्रकाश बाहेर गळतो.

जोडणीवाल्याला पॉवर मीटरचा, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा विचाराच; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (या ताकदीचं एकक) असेल तर निर्धास्त. उणे २७च्या पलीकडे गेला की लाइन कधीही तुटणार. आणि फायबरच्या हिरव्या कनेक्टरचं टोक कृपा करून बोटाने पुसू नका.

३०० एमबीपीएसचा प्लॅन, पण मोबाइलवर वायफायने ४०च? खोट बहुतेक लाइनची नसते, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतीची असते. वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झ तिथेच दमतं, २.४ पलीकडे पोचतं, पण रडतखडत. राउटर पडवीच्या कोपऱ्यात नको, माजघरात उंचावर ठेवा. मागच्या खोलीसाठी लॅन वायर ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. वायरवरही वेग नेमका ९५च्या आसपास अडकला तर क्रिंपिंग (वायरच्या टोकाला प्लग दाबून बसवणं) तपासा: गिगाबिटला (१००० एमबीपीएस) वायरमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात.

लाइट जाणारच. ओएनटीच्या (फायबर जिथे जोडतात त्या डब्याच्या) अडॅप्टरवरचे व्होल्ट (बहुधा १२) आणि अँपिअर बघून मिनी यूपीएस (छोटा बॅटरी बॅकअप) घ्या. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. काचेतून वीज येत नाही, प्लगमधून येते.

फायबर लागल्यावरही जुनी लाइन आठवडाभर तरी चालू ठेवा.