आमची वाटचाल: आधी केबल बदलून बघा

आमचं दुकान सांगलीत, विश्रामबागेत. पाटीवर ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ असं रंगवलंय, पण गल्लीत विचारलंत तर ‘ते हार्ड डिस्कवाले’ म्हणूनच बोट दाखवतील. हे काही ठरवून झालं नाही. 2011 च्या दिवाळीच्या तोंडावर मी आणि माझ्या मावसभावाने असेंबल केलेले पीसी विकायला शटर उघडलं आणि नेमका त्याच सुमाराला थायलंडमध्ये पूर आला. हार्ड डिस्कचे मोठे कारखाने तिकडे पाण्यात गेले, इकडे भाव भडकले. दिलेलं कोटेशन दोन दिवसांत फिरवायची वेळ यायची. विक्री थंडावली. पण एरवी यूएसबीने बाहेरून जोडायची बंद डिस्क फेकून नवी घेतली असती अशी माणसं ती पिशवीत घालून दारात यायला लागली. ‘पीसी डिस्क घेत नाय ओ, बघा जरा कायतरी.’

आता ‘घेत नाही’ म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला माहीत नसायचं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. दिवाच लागत नाही; दिवा लागतो पण आतली चकती फिरत नाही; फिरते पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या डिस्कच्या यादीत, दिसत नाही; तिथे दिसते पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये नाही. ही चार वेगळी दुखणी आहेत. शेवटचं तर दुखणंच नव्हे, बऱ्याचदा ड्राइव्ह लेटर, म्हणजे डिस्कला मिळणारं डी, ई असं अक्षर, नसतं किंवा दुसऱ्या कुणाशी भांडत असतं. ते बदलून दिलं की डिस्क हजर. कधी डिस्क ॲपलच्या मॅकवर फॉरमॅट केलेली, म्हणजे मॅकच्या पद्धतीने आखलेली असते, ती विंडोज वाचत नाही आणि वर ‘फॉरमॅट करू का?’, म्हणजे आतलं पुसून नव्याने आखू का, म्हणून विचारतं. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून आलेली माणसं काउंटरवर कशी उभी राहतात ते बघवत नाही.

सगळ्यात जास्त डिस्क मात्र विजेपायी अडतात. अडीच इंची डिस्कला वेगळा ॲडॅप्टर नसतो, ती कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टच्या जिवावर चालते. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर करंट देतो, यूएसबी 3 चा 900. चकती फिरायला लागताना ओढ सर्वात जास्त. आणि लोक लावणार कुठे, तर सीपीयूच्या पुढच्या पोर्टला, जिथून मदरबोर्डपर्यंत बारीक वायर गेलेली असते, नाहीतर चार तोंडांच्या स्वस्त हबला. मागचा पोर्ट आणि आखूड, नवी केबल, एवढ्यावर किती डिस्क जाग्या झाल्या त्याची गणतीच ठेवली नाही. भाऊ चिडायचा, ‘निदान चेकिंगचे तरी पैसे घे.’ आम्ही फक्त केबलचे घ्यायचो. तीच माणसं पुढे प्रिंटर घ्यायला आली, हे त्याला नंतर पटलं.

साडेतीन इंची डिस्कची गोष्ट उलटी. तिला 12 व्होल्टचा ॲडॅप्टर लागतो, आणि घरात पिन जुळणारे ॲडॅप्टर चार असतात. चुकीचा खुपसला की पीसीबीवरचा, म्हणजे डिस्कच्या सर्किट बोर्डवरचा डायोड स्वतः जळून बाकीच्याला वाचवतो, नशीब असेल तर. नसेल तर बोर्ड बदलावा लागतो, आणि तोही नुसता बदलून चालत नाही. जुन्या बोर्डवरची रॉम चिप नव्यावर बसवावी लागते, कारण त्या एकाच डिस्कची मोजमापं तिच्यात लिहिलेली असतात. हे कळेपर्यंत आम्ही दोन बोर्ड वाया घालवले होते.

पण त्याहून महागात पडलेली एक रात्र आहे. हरभट रोडवरचा एक फोटोग्राफर डिस्क घेऊन आला. टक्-टक्-टक् आवाज, मध्येच दिसायची, मध्येच जायची. आत एका लग्नाचे फोटो, अल्बम व्हायचा होता. आम्ही फॉरमॅट केलं नाही याचाच अभिमान, आणि चेक डिस्क हा विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम लावून घरी गेलो. वाचणारं हेड आधीच मरत होतं, त्याला आम्ही रात्रभर तेच तेच सेक्टर, म्हणजे चकतीवरचे डेटाचे कप्पे, वाचायला लावलं. सकाळी डिस्क गप्प. बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढणाऱ्या मोठ्या लॅबमध्ये पाठवली, त्यांनी चकतीवर चरे पडल्याचं कळवलं. फोटोग्राफर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त ‘पार्टीला काय सांगू?’ म्हणाला.

तेव्हापासून आमच्या सौ. काउंटरवर वही घेऊन बसतात. पडली होती का, आवाज येतो का, आधी कुणी उघडली का, आत काय आहे. आवाज असेल तर आमच्याकडे ती पुन्हा चालूच होत नाही. आवाज नसेल, पण खराब सेक्टर असतील तर आधी दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत, मग काय ते प्रयोग प्रतीवर. उघडायची वेळ आली तर धूळविरहित खोली लागते, ती आमच्याकडे नाही, हे सरळ सांगून लॅबचा पत्ता देतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. आम्ही उंचावर म्हणून वाचलो, पण गावभागातून आणि पेठांतून चिखलाने माखलेल्या डिस्क यायला लागल्या. कुणी उन्हात वाळवलेल्या, कुणी तांदळात पुरलेल्या, एकाने हेअर ड्रायर मारलेला. हार्ड डिस्क हवाबंद असते असं लोक समजतात. बहुतेकींना हवेसाठी बारीक भोक असतं, पाणी तिथूनच जातं, आणि वाळलेला गाळ चकतीला धरून बसतो. त्या दिवसांत आम्ही दुरुस्ती जवळजवळ केलीच नाही. भिजलेलीच राहू द्या, पिशवीत बंद करा, चालू करू नका, एवढंच दिवसभर सांगायचो आणि पार्सलं बांधायचो.

त्या पुरात फोटोग्राफरच्या स्टुडिओतही पाणी शिरलं. त्याने आणलेल्या दोन डिस्क ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद केलेल्या होत्या, चालू न केलेल्या. न विचारताच म्हणाला, ‘हात लावला नाय बघा.’ एकीतला डेटा निघाला. त्याची ती जुनी टक्-टक् करणारी डिस्क लॅबमधून परत आली तेव्हापासून आमच्या खालच्या ड्रॉवरमध्येच आहे. त्याने मागितली नाही आणि आम्ही टाकली नाही.