दगड मारायचा नाही म्हणे

"मारू नका ओ दगड, घुबड तो दगड उचलून पाण्यात घासतंय, जसा दगड झिजतो तसा माणूस झिजतो." ओढ्याकाठी शेळ्या चारणाऱ्या मावशी आज सकाळी मुलांवर खेकसल्या. समोर दरडीच्या कपारीत शृंगी घुबडाची दोन पिल्लं, अंग फुगवून चोच टकटक वाजवत, आव असा की आम्हालाच खातील 😄

घरटं म्हणावं तर काडीसुद्धा नाही, नुसता मातीतला खळगा! घुबड म्हणजे ढोली हे आपल्या डोक्यात फिट्ट, पण हे बाबाजी आपलं ओढ्याची दरड, मुरमाची खाण, खडकाची कपार असल्या ठिकाणी सरळ जमिनीवर ३-४ अंडी घालतात आणि मादी महिनाभर उबवत बसते. रात्री आजूबाजूच्या शेतातले उंदीर घुशी फस्त, म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकटात.

मावशींचं ते वाक्य डोक्यातून जाईना. घुबड अशुभ म्हणून मारतात, अमावस्येच्या पूजेसाठी पकडून विकतात हे माहीत होतं (१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे बरं का), पण त्याच भीतीच्या पोटी त्याला कुणी हात लावत नाही हे पहिल्यांदाच ऐकलं. अंधश्रद्धा घालवा म्हणणारा मी, इथे मात्र मुकाट मान डोलावली.

पण जेसीबीवाल्याला कोण सांगणार ही गोष्ट? असल्या जमिनीला सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी) म्हणतात, मुरूम काढायला आणि प्लॉटिंगला पहिला नंबर तिचाच. तुमच्याकडे पण आहे का ही दगडाची गोष्ट?