७ नंबर ठेवायचा का? नोंद ९: प्लस-मायनसमधला चोर सापडला

आपल्या बास्केटबॉल टीममधला खूप शॉट मारणारा गार्ड, ७ नंबर, ठेवावा की सोडावा, हा वाद चालू आहे. त्यासाठी मागच्या नोंदीत दिलेला प्लस-मायनसचा (आपले गुण वजा समोरच्यांचे) तक्ता विसरा. ७ नंबर मैदानात असताना +१८ आणि बेंचवर असताना −२१, हे दोन्ही आकडे चुकीचे होते. बेरीज बरोबर होती, गुण ज्यांच्या खात्यावर टाकले ते पाचजण चुकीचे होते. त्या तक्त्याच्या भरवशावर "हा गेला की टीम बसली" असं ठरवून मोकळे झालेल्यांनी जरा दम धरावा. "सोडा त्याला" वाल्यांनीही इतक्यात पेढे वाटू नयेत.

सहा सामन्यांचे व्हिडिओ आणि त्याच सामन्यांच्या स्कोअरशीट समोरासमोर ठेवल्या आहेत. नुसत्या स्कोअरशीटवरून हे काम का होत नाही, ते परत सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) स्कोअरशीटवर फक्त पडलेली बास्केट दिसते: दोनाला तिरकी रेघ, तिनाला तिरक्या रेघेसोबत खेळाडूच्या नंबरभोवती गोलही, फ्री थ्रोला भरलेला ठिपका. हुकलेल्या शॉटला तिथे जागाच नाही. बदली खेळाडू पहिल्यांदा आत आला की त्याच्या नावापुढे फुली पडते, पण तो बाहेर कधी गेला आणि परत कधी आला, त्याचा पत्ता नाही. स्कोअरर लाल आणि निळं पेन कितीही इमानाने बदलो, त्या कागदावर खूप शॉट मारणारा गार्ड नेहमीच देखणा दिसणार.

आता चोर. नेरूळचा सामना, तिसरा क्वार्टर, ४ मिनिटं १२ सेकंद बाकी. समोरचा ड्राइव्ह करून आत घुसतो, ७ नंबर मागून हात घालतो. त्याचा तिसरा फाउल, टीमचा क्वार्टरमधला पाचवा, म्हणजे दोन फ्री थ्रो. रेफ्रीने टेबलाकडे फाउल दाखवून झाला की कोच त्याला बाहेर काढतो आणि १४ नंबर आत येतो. मग दोन्ही थ्रो पडतात. आपण व्हिडिओवरून भरतो त्या शीटमध्ये प्रत्येक रोला त्या क्षणी मैदानात असलेले पाच नंबर लागतात, त्यामुळे हे दोन गुण १४ नंबरच्या पाचजणांवर चढले. फाउल एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला.

एकदा दिसल्यावर सहाही सामने परत पाहिले. असे प्रसंग १४ निघाले: समोरच्यांचे २८ फ्री थ्रो, त्यातले १७ पडलेले, सगळे ७ नंबर बाहेर असतानाच्या खात्यात. उलट बाजूला, म्हणजे फाउल आपल्याला मिळाला आणि थ्रोच्या आधी ७ नंबर बाहेर गेला, असे प्रसंग फक्त तीन, गुण ४. हा लंगडेपणा नियमातूनच येतो. फाउल ज्याच्यावर झाला त्यालाच थ्रो मारावे लागतात, जखमी वगैरे झाला तरच सूट. त्यामुळे ७ नंबरने फाउल मिळवला की तो आतच राहतो. त्याने फाउल केला की बाहेर जातो. त्याच्या कमाईचे गुण त्याच्याच खात्यावर, उधारी मात्र १४ च्या.

दुरुस्ती अशी: शीटमध्ये 'फाउलची रो' असा नवा कॉलम घातला. फ्री थ्रोच्या रोमध्ये पाच नंबर टाइप करायचे नाहीत, ते फाउलच्या रोवरून उचलायचे. बास्केट पडून वर एक थ्रो मिळाला तरी नियम तोच. टेक्निकल फाउलच्या (वागणुकीबद्दलच्या) एका थ्रोला शिट्टी वाजली तेव्हाचे पाच धरायचे. शेवटचा थ्रो पडल्यावर झालेली बदली पूर्वीसारखीच, तिला हात लावू नका. पहिल्या झटक्यात तीही सरकवली गेली आणि दोन सामन्यांच्या नोंदी परत कराव्या लागल्या.

नवे आकडे: आत +५, बाहेर −८. एकूण आधीही −३ होते, आताही −३ आहेत, म्हणूनच ताळा दर वेळी जुळायचा आणि चूक महिनाभर दडून राहिली. पुढच्या वेळी एकूण बेरजेवर विसंबू नका. दर सामन्यात बदलीला लागून असलेले फ्री थ्रो हाताने तपासा. पझेशनची (बॉल ताब्यात येण्याच्या पाळ्यांची) वाटणीही थोडी सरकते, ती व्हायची आहे, म्हणून 'दर १०० पझेशन'चा कॉलम या खेपेला रिकामा.

तरी −८ बघून कुणी निष्कर्ष काढू नये. ७ नंबर बाहेर असताना आपली साधारण ८० पझेशन झाली, समोरच्यांची तेवढीच. एका पझेशनला बहुतेक वेळा शून्य, दोन किंवा तीन गुण. त्यातला चढउतार (प्रमाण विचलन) १.१ गुणांच्या आसपास धरला, तर १६० पझेशनमध्ये नुसत्या नशिबाने १४ गुण इकडचे तिकडे होतात. म्हणजे हा −८ सहज +६ झाला असता. बाहेरची पझेशन याच वेगाने जमली तर अख्खा सीझन संपेल आणि प्रश्न तिथेच राहील.

म्हणून बेत बदलला. ऑन-ऑफ, म्हणजे आत-बाहेरची तुलना, बाजूला ठेवून शॉटकडे बघू. सहा सामन्यांत ७ नंबर: १२२ शॉट, त्यात ३४ दोनाचे आणि १२ तिनाचे पडले, ३० पैकी १९ फ्री थ्रो, एकूण १२३ गुण. सामन्याला साडेवीस. ट्रू शूटिंग (दोनाचे, तिनाचे आणि फ्री थ्रो सगळे धरून शॉटचा टक्का) म्हणजे १२३ भागिले दुप्पट (१२२ + ०.४४ × ३०), ४५.५ टक्के. बाकी सगळे मिळून: २३२ शॉट, ४० फ्री थ्रो, २२९ गुण, ४५.९ टक्के. जवळपास बरोबरी. फरक एवढाच की तो आत असताना दहातली चार पझेशन त्याच्याच हातून संपतात, आणि त्याचे २७ टर्नओव्हर (शॉट न होताच गमावलेले बॉल) या टक्क्यात नाहीतच.

इथे दोन्ही पार्ट्या एनबीएचे दाखले काढतात. एका बाजूला फिलाडेल्फियाचा गार्ड ॲलन आयव्हरसन, २०००-०१: सामन्याला ३१.१ गुण, फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून बाकी शॉट) ४२ टक्के, ट्रू शूटिंग ५२ च्या आसपास, तरी एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि संघ फायनलला. दुसऱ्या बाजूला मार्च २०१२: गोल्डन स्टेटने खूप गुण करणारा गार्ड माँटा एलिस मिलवॉकीला दिला, अँड्र्यू बोगट घेतला आणि २०१५ ला अजिंक्यपद. दोन्ही दाखले अर्धेच सांगितले जातात. फिलाडेल्फियाने त्या एकट्याभोवती मुटोम्बो, स्नो, मॅकी असे डिफेन्सवाले उभे केले होते. आणि एलिसला सोडणं परवडलं, कारण स्टीफन करी आधीच घरात होता. आपल्या बेंचवर करी नाही. ७ नंबर गेला की ती चार पझेशन कुणाच्या गळ्यात पडणार, हे सांगितल्याशिवाय "सोडा" म्हणण्यात अर्थ नाही. माझं मत: ठेवा, पण बॉल पुढे आणायचं काम ११ नंबरकडे द्या.

व्हिडिओच्या सामानाबद्दल थोडं. स्प्रिंगचे स्वस्त मोबाइल होल्डर घेऊ नका. दुपारच्या उन्हात रबर सैल पडतं आणि फोन चौथ्या क्वार्टरला जमिनीकडे बघायला लागतो. स्क्रूने आवळायचा घ्या. व्हिडिओ बघायच्या व्हीएलसी प्रोग्रॅममध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, पैसे देऊन घेतलेल्या ॲपपेक्षा तेच बरं. स्टेशनालगतच्या कोर्टावर शिट्टीच्या आवाजावर वेळ जुळवू नका, ट्रान्स-हार्बरची गाडी नेमकी तेव्हाच जाते. रेफ्रीचा हात बघा: वर मूठ म्हणजे फाउल, उघडा पंजा म्हणजे बाकी काहीही.

एक छोटी मजा: रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून, म्हणजे बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवरून, सुताराची टेप लावली, तर एका कोर्टावर तिनाची रेषा ६.२५ निघाली. २०१० च्या आधीच्या नियमाची! ७ नंबरच्या १२ तिनांपैकी ५ तिथलेच आहेत. ६.७५ च्या कोर्टावर त्यातले किती दोनाचे ठरले असते, ते फ्रेम थांबवून पायांवरून बघायचंय.

आणि हे लिहितानाच सुचलं: त्याचे शॉट पझेशनच्या कितव्या सेकंदाला होतात, तेही टाकायला हवं. आपल्या बहुतेक कोर्टांवर २४ सेकंदांचं घड्याळ नाही, त्यामुळे बॉल हातात आल्यापासून मोजावं लागेल. बाकी चौघांनी फिरवून फिरवून शेवटी त्याच्याकडे ढकललेला बॉल आणि त्याने पाचव्या सेकंदाला उचललेला शॉट एका टक्क्यात मोजणं अन्यायाचं आहे. १२२ शॉट, प्रत्येकी मिनिटभर, म्हणजे दोन तासांचं काम. नेरूळ आणि वाशीच्या सामन्यांचं हे काम मी करतो, ऐरोलीचे दोन कुणीतरी घ्या. नवा कॉलम 'फाउलची रो'च्या उजवीकडे, सेकंद पूर्णांकात.