मोठ्या आईचे डोळे का दिले नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तेरवीला विचारलंत, वर्षश्राद्धाला विचारलंत, परवा बुधवार बाजारात भाजी घेताना पुन्हा विचारलंत. मोठ्या आईनं स्वतः नेत्रदानाचा फॉर्म भरला होता ना, मग डोळे का दिले नाहीत?

आजवर मी दोन उत्तरं देत आले. पहिलं, तिचं वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते डोळे कोणाच्या कामाचे? पण मोतीबिंदूत आतलं भिंग बदलतात, आणि दुसऱ्याला बसवतात तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा. वयाचीही आडकाठी नसते. हे मला तेव्हाच माहीत होतं, फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही माझीच आहे. दुसरं, दादा नको म्हणाले. त्यावर येते.

फॉर्म भरला तो नेत्रदान पंधरवड्यात. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो तो, आणि त्या वर्षी मारबत, आमच्या नागपूरची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक, त्यातच आली होती. काळी मारबत १८८१पासूनची, पिवळी १८८५पासूनची. कोणी उलटं सांगितलं की मोठी आई चिडायची. मिरवणूक बघून परतताना आम्ही पाणी प्यायला म्हणून शिबिराच्या मांडवात शिरलो आणि ती फॉर्म भरून बाहेर आली. "वर काय घेऊन जाऊ का मी डोळे? कोणाच्या कामी येऊन राहिले तर येऊ दे ना बाप्पा!" तिथल्या ताईंनी समजावून सांगितलं होतं, पंखा बंद करा, डोकं उशीवर उंच ठेवा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. सहा तासांच्या आत फोन करा, आम्ही घरी येतो, पंधरा-वीस मिनिटांचं काम.

ती गेली नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री पावणेबाराला. मी पापण्या मिटल्या. उजवी पुरती मिटेना, रेघेएवढी उघडी राहिली. उशीवर दुसरी उशी दिली. तिच्या पर्समधून नेत्रदानाचं कार्ड काढलं. म्हणजे सुरुवात मी केली होती, हेही लक्षात घ्या.

मग बाया जमल्या. खोली तापून राहिली, कूलर लावा, कोणीतरी म्हणालं. मीच उठून लावला. वाळ्याच्या ताट्या नव्याच बसवल्या होत्या. वारा सरळ तिच्या तोंडावर, कपाळावरचे पांढरे केस उडत होते. वाऱ्यानं बुबुळ सुकतं म्हणून पंखा बंद ठेवायचा, हे मला चांगलं आठवत होतं. ती रेघ दिसत होती. कार्ड मुठीत घामानं मऊ पडलं. मी जागची हलले नाही.

एका आत्यानं म्हटलं, डोळे काढले की पुढच्या जन्मी आंधळं यावं लागतं. पण त्यावर मी अडले नाही. मोठी आई असलं काही मानत नसे.

दीड वाजता दादांचा फोन आला, गाडी भुसावळच्या अलीकडे होती. तुम्हाला वाटतं, ते नको म्हणाले. फॉर्म असला तरी घरच्यांची संमती लागते, हे खरं. पण मी ती मागितलीच नाही. जेवलात का, एवढंच विचारलं. तीन वर्षं तुम्ही त्यांना बोल लावत आहात आणि मी ऐकून घेते आहे. दादा, चूक माझी आहे.

मग का नाही उठले? ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा माझ्याकडे बघून ती म्हणाली होती, "किती वाळली गं तू, सांगितलं काऊन नाही?" त्या डोळ्यांना कोणी हात लावावा, हे मला सोसणार नव्हतं. तेव्हाची मी म्हणते, रडणाऱ्या माणसाकडून इतकं मागू नये. आजची मी म्हणते, दोन डोळ्यांनी दोन माणसांना दिसलं असतं, आणि तिनं तुझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती. तरी तेव्हाचीला मला पुरतं खोडून काढता येत नाही. माझा स्वतःचा फॉर्मही मी अजून भरलेला नाही.

पावणेसहाला बाहेर उजाडलं होतं. बायांना डुलक्या लागल्या होत्या. मी उठून कूलर बंद केला, कापूस ओला केला आणि तिच्या पापण्यांवर ठेवला.