अ‍ॅबी रोडला निघालो आणि पोचलो भलत्याच अ‍ॅबी रोडला

तर झालं असं की लंडनला ताईकडे इलफर्डला पंधरा दिवस राहायला गेलो होतो आणि विमानतळावरून घरी येतानाच जाहीर करून टाकलं होतं की मला मेणाचे पुतळे नकोत, राजवाडा बसमधून दिसला तरी पुरे, मला फक्त एक बिल्डिंग बघायचीये. ताई म्हणाली कुठली, म्हटलं अ‍ॅबी रोड स्टुडिओ, बीटल्सनी गाणी रेकॉर्ड केली तो, तर म्हणे आत सोडतात का? म्हटलं नाही सोडत. मग काय बाहेरून भिंत बघणार? हो, भिंत बघणार. तिने भाऊजींकडे बघितलं, भाऊजींनी टीव्हीकडे.

शेवटी सोबतीला भाचा मिळाला. वय १६, लंडनला येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि पिंक फ्लॉइड ह्या इंग्लिश रॉक ग्रुपचा टीशर्ट अंगात. त्रिकोण, प्रकाशाचा किरण, इंद्रधनुष्य, तोच तो. विचारलं यातलं ऐकलंयस काय, तर म्हणाला मामा हे ब्रँडचं नाव आहे ना? आता याच्यावर काय बोलणार. पण खरं सांगायचं तर आमच्या पिढीने तरी काय दिवे लावले होते, पुण्यात हॉस्टेलवर त्याच टीशर्टवरच्या चित्राच्या अल्बमची, 'डार्क साइड ऑफ द मून'ची, कॉपी केलेली कॅसेट फिरायची आणि तेवढ्यावर आम्ही स्वतःला सायकेडेलिकचे, म्हणजे त्या स्वप्नात असल्यासारख्या चित्रविचित्र आवाजाच्या रॉकचे, जाणकार समजायचो. १९७३ चा अल्बम तो. मूळ भानगड त्याच्या सहा वर्षं आधीची, हे मला चाळिशीत कळलं.

तर निघालो. भाचा फोनमधे रस्ता शोधत होता, मी म्हटलं ठेव तो फोन, हे बघ नकाशात सरळ स्टेशनच आहे अ‍ॅबी रोड नावाचं, स्ट्रॅटफर्डहून डीएलआरने दोन स्टेशनं. डीएलआर म्हणजे ती बिनड्रायव्हरची छोटी ट्रेन. भाचा पुढच्या सीटवर बसून स्वतःच चालवत असल्याच्या थाटात होता. उतरलो तर काय, समोर नुसती घरं. बीटल्सच्या अल्बमच्या कव्हरवरचं ते झेब्रा क्रॉसिंग नाही, स्टुडिओ नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि फलाटावर एक पाटी, बीटल्सच्या गाण्यांची नावं गुंफून लिहिलेली, थोडक्यात अर्थ असा की बाबांनो तुम्ही चुकलायत, तो रस्ता सेंट जॉन्स वूडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे माझ्यासारखे इतके जण येतात की रेल्वेला पाटी लावावी लागली! भाचा काही बोलला नाही, फक्त पाटीचा फोटो काढून ताईला पाठवला. माझीच चूक, मान्य.

एक स्टेशन पुढे वेस्ट हॅम, तिथून ज्युबिली लाइन थेट सेंट जॉन्स वूडला जाते, अर्ध्या तासाच्या वर वेळ. म्हटलं चला, तेवढ्यात ह्याला थोडं शिक्षण देऊ. त्याच्या बिनवायरच्या इअरफोनची बॅटरी मेलेली, माझा जुना वायरवाला, मग एक कान त्याला एक कान मला आणि लावला 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन'. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम, ऑगस्ट १९६७. तेव्हा ग्रुपचा कर्ताधर्ता होता सिड बॅरेट, केंब्रिजचा पोरगा, वय २१. सुरुवातीलाच त्यांचा मॅनेजर भोंग्यातून ग्रहताऱ्यांची नावं वाचतो, मग गिटार येते आणि ती गिटार नेहमीसारखी नाहीच, सिड सिगरेटचा लायटर तारांवरून घासत न्यायचा आणि तो आवाज एको मशीनमधून जायचा. मधेच मांजरावर गाणं, सायकलवर गाणं, लहान मुलांच्या गोष्टींसारखं, अल्बमचं नावच मुळी 'द विंड इन द विलोज' या मुलांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचं. गोड आणि जरा भीतीदायक, दोन्ही एकदम. मग आलं 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह', साडेनऊ मिनिटांच्या वर, एकही शब्द नाही. भाचा आधी कंटाळला, मग शेवटाकडे एकदम म्हणाला, मामा, तुझा इअरफोन खराब झालाय, आवाज येतोय आणि जातोय!

खराब कसला, ते गाणं स्टीरिओत तसंच आहे, शेवटी अख्खी धून ह्या कानातून त्या कानात झोके घेते. म्हणजे त्याच्या कानात गेली की माझा कान रिकामा. एक कान वाटून घेऊन हा अल्बम ऐकणं म्हणजे एकाने नुसता वरण आणि दुसऱ्याने नुसता भात खाण्यातला प्रकार. पण मला तेव्हा सुचलं नाही, मी आपला 'असंच असतं ते' म्हणून गप्प बसवला त्याला.

सेंट जॉन्स वूडला उतरलो. आपल्याकडची मंडळी इथे लॉर्ड्ससाठी येतात, आम्ही लॉर्ड्सकडे पाठ करून उलट्या दिशेला. पाचेक मिनिटं चाललं की ते क्रॉसिंग आणि बाजूला पांढरं, अगदी साधं, एखाद्या सुखवस्तू डॉक्टरचं असावं असं घर. पुढे चार गाड्या लावलेल्या. यात काय बघायचं, असंच वाटतं. १९३१ मधे एल्गार ह्या इंग्लिश संगीतकाराने ऑर्केस्ट्रा वाजवून उद्घाटन केलं, तेव्हापासून २०१२ पर्यंत इएमआय कंपनीचा स्टुडिओ. आणि तेव्हा कंपनी कशी, तर एकदम सरकारी कचेरीच्या थाटाची, तंत्रज्ञांना पांढरे कोट, सामान उचलणाऱ्यांना तपकिरी कोट.

आता गंमत बघा. नोव्हेंबर १९६६ ते सप्टेंबर १९६८, दोन वर्षंसुद्धा नाहीत, तेवढ्यात ह्या एका घरात काय काय झालं. दोन नंबरच्या स्टुडिओत बीटल्स 'सार्जंट पेपर' हा अल्बम करतायत, तीन नंबरमधे फ्लॉइडची पोरं 'पायपर' करतायत. त्यांचा प्रोड्युसर नॉर्मन स्मिथ, हा आधी बीटल्सचाच रेकॉर्डिंग इंजिनिअर होता, त्याने मार्च १९६७ मधे ह्या पोरांना शेजारी नेऊन बीटल्सची भेट घालून दिली, 'लव्हली रीटा'चं काम चालू होतं तेव्हा. पोरं मागे गुपचूप बसली आणि निघून आली. त्याच वर्षी झोंबीज नावाचा ग्रुप आला आणि त्यांच्या 'ओडेसी अँड ओरॅकल' अल्बमचा बराचसा भाग इथे झाला. मग प्रिटी थिंग्ज हा ग्रुप आला, त्यांचा अल्बम 'एस. एफ. सॉरो', प्रोड्युसर परत नॉर्मन स्मिथच.

लोक म्हणतात ही नशेची गाणी. असतील बुवा, नशा त्यांनी केलीही असेल, पण तो आवाज काही नशेतून आला नाही, तो कोट घातलेल्या, कँटीनचा चहा पिणाऱ्या माणसांनी टेप कापून-जोडून काढलाय. मशीन काय तर चार ट्रॅकचं. चार भरले की ते सगळे मिसळून दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे परत जागा मोकळी, पण एकदा मिसळलं की मिसळलं, मागे फिरणं नाही. बीटल्समधल्या लेननला आपलाच आवाज दुप्पट करायला दोनदा गायचा कंटाळा यायचा, म्हणून केन टाउनसेंड नावाच्या इंजिनिअरने १९६६ मधे युक्ती काढली, तोच आवाज दुसऱ्या टेप मशीनवरून किंचित मागेपुढे वाजवायचा, कानाला वाटतं दोन माणसं गातायत. कामचुकारपणातून शोध लागतात ते असे!

'सार्जंट पेपर'बद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलंय, मी फक्त एका गाण्यापाशी थांबतो. 'विदिन यू विदाउट यू', हॅरिसनचं, यात बाकीचे तीन बीटल्स वाजवतच नाहीत. १५ मार्च १९६७ ला लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे वादक आले, तबला, तानपुरा, दिलरुबा, आणि दिलरुबा वाजवणाऱ्यांत एक नाव आहे अण्णा जोशी. वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. मूळ कव्हरवर ह्या मंडळींपैकी एकाचंही नाव नव्हतं, कव्हरवर पन्नासाच्या वर चेहरे छापायला जागा होती पण चार नावांना नव्हती, असो. गाण्यात तीनतालातून मधे झपतालात जातात ते आपल्या कानाला लगेच कळतं, आणि त्याहून भारी म्हणजे नंतर इंग्लिश व्हायोलिनवाल्यांना बसवून दिलरुबाची मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, पकडायला लावली. ती पकडताना त्यांची झालेली ओढाताण गाण्यात ऐकू येते, हे आपलं माझं मत.

भिंतीवर जगभरच्या लोकांनी नावं खरडलेली असतात, ठराविक दिवसांनी ती रंगवतात आणि परत खरडतात. मी काही लिहिलं नाही, आपल्याकडच्या किल्ल्यांवर लिहिणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातल्यात. क्रॉसिंगवर स्टुडिओने कॅमेरा लावलाय, तो चोवीस तास इंटरनेटवर दिसतो, म्हणून पुण्याला आईला फोन केला. तिथे चहाची वेळ. आई म्हणाली हां, दिसलास, पोट किती सुटलंय तुझं, आणि तो बसवाला हॉर्न वाजवतोय, रस्त्यातून बाजूला हो. तेवढ्यात पूर्ण पलटण आली फोटोला, सहा जणांची, कव्हरवरच्या बीटल्ससारखे चौघेच पाहिजेत तर दोघं कोण गाळायचे यावर भांडण चालू.

भाचा तोवर भिंतीला टेकून स्वतःच पुढचं ऐकत होता, मी लावून दिलेलं, झोंबीजचं. माझा सगळ्यात लाडका अल्बम हा. हजार पौंडांचं बजेट, कव्हर रंगवणाऱ्या मित्राने 'ओडेसी'चं स्पेलिंगच चुकवलं आणि तसंच छापलं. पहिलं गाणं ऐकलं तर वाटतं किती प्रसन्न, प्रियकर वाट बघतोय, मग कळतं की बाई तुरुंगातून सुटून येणारे. एप्रिल १९६८ ला अल्बम बाजारात आला तोवर ग्रुप फुटलेला होता. आणि १९६९ मधे त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तीन नंबरला गेलं, तेव्हा गायला ग्रुपच नव्हता. 'एस. एफ. सॉरो'चं नशीब त्याहून फुटकं, एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट अख्ख्या अल्बमभर सांगितलीये, 'द हू' ग्रुपच्या तशाच गोष्टीवाल्या 'टॉमी' अल्बमच्या आधी, आणि डिसेंबर १९६८ मधे बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमच्या गर्दीत चिरडून गेला. हा अल्बम एका दमात ऐकायचा, तुकड्यात नाही.

जाता जाता भाच्याने विचारलं, त्या सायकलवाल्याचं पुढे काय झालं. सांगितलं. १९६८ मधेच सिड ग्रुपमधून बाहेर, डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. जून १९७५ मधे ह्याच बिल्डिंगमधे फ्लॉइडवाले 'विश यू वेअर हिअर'चं काम करत बसलेले, त्यातलं मोठं गाणं सिडवरच आहे, आणि एक जाडा, टक्कल केलेला, भुवयासुद्धा भादरलेला माणूस आत येऊन बसला. कोणी ओळखेना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, अरे हा तर सिड.

भाचा त्या पायऱ्यांकडे बघत राहिला. म्हणाला, ह्याच दारातून आला असेल? म्हटलं, असेल.

परतीची ट्रेन रिकामी होती. बसल्या बसल्या त्याने वायर पुढे केली आणि म्हणाला, मामा ते ग्रहांनंतरचं मोठं गाणं परत लाव ना, पण ह्या वेळी उजवा कान मला दे. स्ट्रॅटफर्ड येईपर्यंत त्याने दोन्ही कान घेतले होते.