‘म्युटेशन आढळलं नाही’ याचा अर्थ काय घ्यायचा?

सांगली-मिरजेतून तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पुण्या-मुंबईच्या लॅबला जातो आणि रिपोर्ट येतो: टीपी५३ या गाठ रोखणाऱ्या जनुकात म्युटेशन (बदल) आढळलं नाही. ‘म्हणजे ते जनुक शाबूत आहे ना?’ असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो. तेवढ्यावरून तसं समजू नका.

केरॅस या गाठ वाढवणाऱ्या जनुकात बिघाड ठरावीक जागी, बहुतेक १२, १३ किंवा ६१ या कोडॉनवर (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटावर) होतो. गाठ रोखणारं जनुक मात्र कुठेही मोडलं तरी निकामी होऊ शकतं. टीपी५३ मध्ये १७५, २४८, २७३ या नेहमीच्या जागा आहेत खऱ्या, पण नुसते एक्सॉन (जनुकाचे तुकडे) ५ ते ८ वाचले तर बाकीचे बदल हुकतात. २ ते ११ आणि त्यांच्या कडा वाचल्या का, हे आधी विचारा. सीडीकेएन२ए हे गाठ रोखणारं दुसरं जनुक तर अनेकदा अख्खंच गळून जातं. मग वाचला जातो तो शेजारच्या निरोगी पेशींमधला डीएनए, आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.

मोठं नुकसान मात्र लॅबच्या आधी, फॉर्मेलिनच्या बरणीत होतं. तुकडा तासाभराच्या आत, त्याच्या दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये पडायला हवा आणि ६ ते ७२ तासांत प्रोसेसिंगला जायला हवा. जोडून सुट्ट्या आल्या की हेच बिनसतं. मोठी गाठ अखंड बुडवली तर मधला भाग सडतो, म्हणून काप द्या. बफर नसलेलं फॉर्मेलिन आम्लधर्मी होऊन डीएनएचा भुगा करतं. शिवाय फॉर्मेलिननं डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल होतं आणि नसलेला बदल दिसतो. असं युरॅसिल काढून टाकणाऱ्या यूडीजी एन्झाइमनं तो बराचसा टळतो.

गाठीच्या पेशी ३० टक्केच असतील, तर जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीतला बदल वाचलेल्या डीएनएत १५ टक्के दिसतो. दुसरी प्रत गेली असेल तर साधारण १८. डीएनए वाचायच्या सँगर पद्धतीची खालची मर्यादाच १५-२० टक्के. म्हणून पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइडवर गाठ आखून घ्या आणि तेवढाच भाग खरवडा. तुलनेसाठी जोडीला रक्त द्या, ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत. हेपॅरिनची नळी नको, ते पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) अडवतं.

पुन्हा तुकडा काढण्याआधी त्याच ब्लॉकवर पी५३ चं आयएचसी (टीपी५३ चं प्रथिन रंगवून पाहणं) करा. गाठीच्या जवळपास सगळ्या पेशी गडद, किंवा शेजारच्या पेशी रंगलेल्या असताना गाठ साफ कोरी दिसली, तर लॅबला कव्हरेज (जनुक कितपत वाचलं गेलं) आणि डिलीशन (गळालेला भाग) पुन्हा तपासायला सांगा.