चिनूकचं डोकं सरकारजमा

युक्लूलेटला सॅल्मन धरायला जायचं ठरलं आणि पहिलं काम निघालं लायसनचं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात समुद्रात गळ टाकायचा तर केंद्र सरकारच्या मत्स्य खात्याचं लायसन लागतं. एका दिवसाचंही मिळतं. सॅल्मन घरी न्यायचा असेल तर त्यावर वेगळा स्टँप. मी मालवणची, त्यामुळे मासे धरायला फॉर्म भरताना हसू आवरेना. नवरा साताऱ्याचा, त्याने मुकाट पैसे भरले.

फेरीने ननायमो, तिथून पोर्ट अल्बर्नीवरून व्हँकूव्हर बेटाचा पश्चिम किनारा. आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो, कारण बोटी उजाडायच्या आत सुटतात. बंदराबाहेर पडताच नवऱ्याला बोट लागली, त्याची सकाळ कठड्याला धरूनच गेली.

इथे जाळं नाही, ट्रोलिंग. बोट माणसाच्या चालीने चालत राहते. शिशाचा पाच-सहा किलोचा गोळा तारेने खोल सोडतात आणि आपली दोरी त्या तारेला चिमट्यात अडकवतात. पुढे एक चकाकती पट्टी फिरत असते, तिच्यामागे आमिष. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी ताडकन सरळ होते. तिथून खरी कसरत. सॅल्मनच्या गळाला उलटा काटा ठेवायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे दोरी क्षणभर सैल पडली की मासा गेलाच. छोटे किंवा नको ते मासे इजा न करता सोडता यावेत म्हणून हे. पटतं, पण हात भरून येतात तेव्हा अजिबात पटत नाही.

पक्ष्यांचा थवा दिसला तशी कप्तानाने बोट तिकडे वळवली. खाली हेरिंग, आपल्या तारलीच्या गोत्रातलाच मासा. हेरिंगच्या मागे सॅल्मन असतो, आणि त्याच हेरिंगसाठी हंपबॅक देवमासे येतात. पाठ दिसायच्या आधी श्वास ऐकू आला, मग वास, सुकटीच्या गोणीत तोंड घातल्यासारखा. कप्तानाने लगेच दोऱ्या वर घ्यायला लावल्या आणि इंजिन न्यूट्रलला टाकलं. हंपबॅकपासून शंभर मीटर लांब राहायचं, पिल्लू सोबत असेल तर दोनशे. इथे तर तोच आमच्याकडे आला होता, तेव्हा तो जाईपर्यंत गप्प बसायचं. मासे खाली, गळ वर, आणि आम्ही जबडा उघडून उसळणाऱ्या त्या धुडाकडे बघत बसलेलो. माझी तक्रार नाही. याच बेटाच्या उत्तरेला कोल हार्बरला 1967 पर्यंत देवमासे कापायचा कारखाना चालू होता. सॅल्मन खाणारा देवमासा वेगळा, ऑर्का. दक्षिणेकडचे ऑर्का तर मुख्यतः चिनूक या सॅल्मनच्या जातीवरच जगतात. हंपबॅक आपला हेरिंग आणि क्रिलवर, म्हणजे कोळंबीसारख्या बारक्या जिवांवर, खूश.

तो गेल्यावर पुन्हा गोळे सोडले आणि माझ्या दोरीचा चिमटा सुटला. चांगला दमवून चिनूक हातजाळीत आला. आधी पट्टीवर मोजला. 45 सेंटीमीटरची अट तो सहज ओलांडत होता. मग तिथल्या तिथे लायसनवर नोंद, ओल्या हातांनी. एवढ्यात कप्तानाने पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मऊ पर दाखवला. म्हणजे तो नव्हता. पिल्लू असतानाच कापलेला, मासा हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला. अशा माशाच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची, खुणेची तार असू शकते. ती वाचून मासा कुठल्या हॅचरीतून, कुठल्या वर्षी सोडला ते कळतं. त्यासाठी डोकं जमा करायचं.

मालवणी बाईकडे माशाचं डोकं मागणं म्हणजे काय, हे त्या कप्तानाला कसं कळावं! कालवणात डोकंच तर माझं. धक्क्यावर त्याने ते सफाईने कापलं, मी तारीख, जागा, जात लिहून लेबल लावलं आणि पेटीत टाकलं. नवरा जमिनीवर पाय लागताच ताजातवाना होऊन फोटो काढत होता.

उरलेल्याबद्दल एवढंच सांगते. सॅल्मन कोकमाच्या कालवणात घालू नका, त्याचं तेल रसावर तरंगतं आणि चव भलतीच होते. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवा आणि कमी तेलात तळा, कारण त्याचं स्वतःचं भरपूर सुटतं.